एका रात्रीत उलटलेले आटे

१

"माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो, आणि शपथेवर तर माणूस जास्तच मन लावून खोटं बोलतो. पण लोखंड आजवर खोटं बोललेलं नाही! लोखंडाचं म्हणणं ज्याला ऐकू येतं, त्याच्यापासून या त्रैलोक्यात काही म्हणजे काही लपून राहत नाही."

वजनमापे खात्याचे निवृत्त निरीक्षक देवमनराव गावंडे यांनी हे उद्गार एसटीच्या खिडकीशी बसून काढले. अमरावती मागे पडली होती आणि मे महिन्याचं ऊन डांबरावर पाणी सांडल्यासारखं चमकत होतं. कंडक्टरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तिकिटाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "खरं हाय काका. पन मोर्शीची गाडी बाजूले उभी होती. हे तिवशाले चालली."

त्यामुळे तपासाला अडीच तास उशीर झाला. तिवशाच्या स्टँडवर उसाचा रस पिताना देवमनरावांनी या चुकीला मनातल्या मनात 'खबरदारीचा वळसा' असं नाव दिलं. सरकारी खात्यात तीस वर्षं काढली की माणसाला एवढं जमतं.

निवृत्तीनंतरच्या चार वर्षांत त्यांनी दोन रहस्यं हाताळली होती. एक शेजारणीच्या हरवलेल्या सायकलचं आणि दुसरं स्वतःच्या हरवलेल्या चष्म्याचं. पैकी चष्मा सापडला होता.

हे तिसरं प्रकरण धाकट्या बहिणीकडचं होतं. तानुबाईचा काल, शनिवारी, फोन आला होता.

"दादा, कुर्बान मिस्त्रीनं आमाले ट्रकचे उलटे बोल्ट देल्ले."

"उलटे म्हणजे?"

"म्हंजे उलटे पाह्यजे होते तं सुलटे देल्ले. अन् मिस्त्री शपथ घेऊन सांगते का म्या उलटेच देल्ले, ते रातीतून सुलटे झाले. पेटीले कुलूप होतं, दादा. कुलूप तसंच हाय."

"लोखंड रातोरात फिरत नसतं, तानू."

"तेच तं मी म्हनते! पन ट्रक उभा हाय. पाच दिवसांत पानी नाही भेटलं तं तीनशे झाडं जातीन माये. तू ये."

दोन हजार चार साल होतं. संत्र्याच्या त्या पट्ट्यात विहिरी आधीच आटल्या होत्या, बोअरमधून आता नुसता वारा येत होता, आणि लोक आभाळाकडे पाहायचंही विसरले होते. तानुबाईच्या बागेत धरणाचं पाणी नेणारा तो एकच ट्रक होता. लष्कराच्या लिलावातून घेतलेला, पाठीवर टाकी बसवलेला. वाटेतल्या नाल्याचा चढ दुसऱ्या कुठल्या गाडीच्या बापाला चढता येत नव्हता.

तिवशाहून परत फिरलेल्या गाडीत देवमनरावांचा डोळा लागला. स्वप्नात त्यांना एक वालाचा वेल दिसला. काठीभोवती उजवीकडून चढणारा तो वेल त्यांच्यादेखत सावकाश, आळस दिल्यासारखा सुटला आणि डावीकडून चढू लागला.

२

घरात पाऊल टाकताच तानुबाईने त्यांच्या चपला धुवायला घेतल्या, मग छत्री, मग पिशवी. ही तिची लहानपणापासूनची रीत. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय तिच्या घरात वस्तू मानली जात नसे. लग्नात सासरच्यांनी घातलेला सोन्याचा मणीही तिने दुसऱ्या दिवशी चिंच लावून घासला होता. सासूबाईंनी तो अपमान समजला, पण मणी खरंच जास्त चमकू लागला म्हणून गप्प राहिल्या.

"चष्म्याचं घर राहू दे," देवमनराव म्हणाले.

"भिजलंच आता," ती म्हणाली.

कडुनिंबाखाली ट्रक झोपला होता. दुसरा शब्द नाही. हिरवा रंग उन्हाने फिका पडलेला, मागचं डावं चाक काढून त्या जागी लाकडाचे ठोकळे दिलेले, आणि बोनेटवर एक मांजर. उन्हाच्या लाटांत ट्रकची कड अशी हलत होती की तो श्वास घेतो आहे असं वाटावं. त्याच्या सावलीत दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. एक तानुबाईचा नवरा भगवंतराव, आणि दुसरा अमरावतीचा कुर्बान मिस्त्री.

देवमनरावांनी वही काढली. "पहिल्यापासून सांगा."

"मागच्या महिन्यात पंक्चर झालं," भगवंतराव म्हणाले. "म्या पाना लावला. नट हालेना. मंग पान्याले नळी लावली. हालेना. मंग नळीवर मीच चढलो."

"अन् बोल्ट मोडला," कुर्बान पाठ न वळवता म्हणाला.

"एक मोडला."

"दहा मोडले, साहेब. भगवंतभाऊ मेहनती मानूस हाये. मधात थांबले नाहीत." कुर्बान आता वळला. "साहेब, मिलिटरीच्या या गाडीले डाव्या चाकाची चुडी उलटी रायते. आपन ज्याले आटे म्हनतो ते. चाक फिरता फिरता नट ढिल्ला नाही पडला पाह्यजे म्हनून. उजव्या बाजूले आपले साधे, डाव्या बाजूले उलटे. भाऊ खोलून नव्हते राहिले. आवळून राहिले होते. दहा बार."

भगवंतरावांनी मांजराकडे पाहिलं. मांजराने डोळे मिटून घेतले.

मग नवे बोल्ट शोधणं आलं. कुर्बानने आधी अमरावतीच्या एका भंगारवाल्याकडून दहा आणले. लांबी तीच, जाडी तीच, मानेवरच्या रेघाही त्याच. पण गंजलेले, आणि आटे साधे. ते काही चालले नाहीत.

"त्यांचं काय झालं?" देवमनरावांनी विचारलं.

"फेकून देत होतो. भाबी म्हने ठेवा, झाडाले कामी येतीन."

"ते गेले मातीत महिन्याआधीच," भगवंतराव म्हणाले. "ते सोडा."

देवमनरावांनी ते सोडलं. वहीत तशी नोंदही केली.

मग कुर्बान अकोल्याला गेला. तिथे खुर्शीदबी म्हणून एक म्हातारी लष्करी गाड्यांचे सुटे भाग विकते. तिच्याकडे खरे, उलट्या आट्याचे दहा बोल्ट निघाले. ग्रीसमध्ये बुडवलेले, फडक्यात गुंडाळलेले, वरून मेणकागद. कुर्बानने तिच्या दुकानात बसून एकेका बोल्टवर उलट्या आट्याचा नट चढवून पाहिला. शुक्रवारी सकाळी पुडा त्याने इथे आणून दिला, भगवंतरावांनी ट्रकच्या हत्यारपेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. चाक बसवायला लागणारा मोठा जॅक आणायला दोघं मिळून अमरावतीला गेले ते संध्याकाळी परतले. शनिवारी सकाळी कुर्बानने पेटी उघडली.

"कागद नाही, ग्रीस नाही. चकाचक दहा बोल्ट. अन् चुडी सुलटी." त्याने खिशातून एक नट काढला. "हा पाहा उलटा नट. चढूनच नाही राहिला."

"किल्ली कुठे असते?"

"सैपाकघरात, खुंटीवर," भगवंतराव म्हणाले. "तिथं परक्या मानसाचं काय काम? मी सांगतो भाऊ, यानं दुसऱ्यांदा फसवलं. बुधवारच्या बाजारात मी साऱ्या बागवानाइले सांगनार हाय."

कुर्बान उठून उभा राहिला. "वीस साल झाले तुमच्या गाड्याइले हात लावून राहिलो, भाऊ. बाजारात सांगायच्या पयले एक करा. पेटीजवळ राती कोन आलं होतं ते पाहा. ते तिथं पावलं दिसून राहिली ना? माहे चप्पल हायेत. हे बुटाचे हायेत."

पेटीखालच्या धुळीत खरोखरच बुटांचे ठसे होते, आणि या घरात बूट कुणीच घालत नव्हतं.

३

तानुबाईने तिसरा चहा आणून दिला आणि कप उचलताना सहज सांगितलं, "बूट तं जानरावचे असतीन. त्याच्याबिगर उन्हाळ्यात बूट कोन घालते?"

जानराव नाल्याच्या अलीकडे राहत होता. पाणी विकणं हा त्याचा धंदा आणि बूट घालणं हा त्याचा स्वभाव. देवमनराव गेले तेव्हा तो खाटेवर पडून टेबलफॅनचं वारं खात होता. वीज नव्हती, तो हाताने पातं फिरवत होता.

"या, या, वजनमापेवाले! इकडं वजन करासारखं काही राहिलं नाही."

"शुक्रवारी रात्री तुम्ही भगवंतरावांच्या ट्रकजवळ होता."

"होतो ना."

देवमनरावांनी एवढ्या सहज कबुलीची तयारी केलेली नव्हती. त्यांनी वहीचं पान उगाच उलटलं.

"कशासाठी?"

"पाहाले. मानूस घोडा पाहाले नाही जात? तसा. हात फिरवला, आलो." जानराव उठून बसला. "आता मी खरं बोलतो तं तुमाले वाटते का खोटं हाय. खोटं बोललो असतो तं तुमीच खुश झाले असते."

"त्यांचा ट्रक बंद राहिला तर फायदा कुणाचा?"

"माहा," जानराव म्हणाला. "पन माही गाडी चालू असती तवा!"

हे वाक्य त्याच्या तोंडून निसटलं असावं, कारण लगेच त्याने पात्याला जोरात फिरवलं. देवमनराव तडक घरामागे गेले. तिथे बाभळीच्या तुरळक सावलीत, गवताच्या पेंढ्यांनी अर्धवट झाकलेला दुसरा ट्रक उभा होता. तोच हिरवा रंग, तीच टाकी, त्याच लिलावातला सख्खा भाऊ. देवमनराव त्याच्या तोंडासमोर उभे राहिले. ट्रकच्या मागच्या बाजूला, त्यांच्या डाव्या हाताला, चाक नव्हतं. चाकाच्या जागी मोडक्या बोल्टांचे दहा खुंट होते.

ऊन एकदम गार झाल्यासारखं वाटलं. दोन ट्रक, दोन्हीचं डावं चाक गेलेलं, आणि साऱ्या वऱ्हाडात उलट्या आट्यांचे दहाच बोल्ट! जो ट्रक आधी उठेल त्याला साऱ्या बागवानांचा हंगाम.

वहीत त्यांनी लिहिलं: *प्रकरण संपले.* आणि खाली दोन रेघा मारल्या.

परत आले तर ओट्यावर एक काळ्या बुरख्यातली म्हातारी बसली होती. हातात तपासायला घेतलेला बोल्ट, आणि डोळे मिटलेले.

"हे माहा माल नाही," ती म्हणाली. "अन् ज्यानं कोनी हे ठेवलं, तो चोर नाही."

४

खुर्शीदबी कुर्बानचा निरोप मिळताच सकाळच्या गाडीने अकोल्याहून निघाली होती. बरोबर गाडीत बसली होती, त्यामुळे वेळेवर पोचली. मोतीबिंदूने डोळे अधू झाले होते, पण लोखंड ती अंगठ्याच्या नखाने वाचत असे. नख आट्यांवरून फिरवलं की बोल्ट कुठला, कुठल्या गाडीचा, कुठल्या हाताचा, सगळं सांगायची. तानुबाईने तिला पाणी दिलं आणि बुरख्याच्या काठाला लागलेली धूळ पाहून तिची बोटं शिवशिवली. पाहुणी पहिल्यांदाच आलेली, म्हणून तिने स्वतःला आवरलं.

"खाला, चोर नाही हे तुम्ही कसं म्हणता?" देवमनरावांनी जरा वरच्या आवाजात विचारलं. "मी आत्ता चोर पकडून आलो."

"कोन?"

त्यांनी जानरावच्या ट्रकचं सगळं सांगितलं. म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं.

"त्याचं कोनतं चाक गेलं?"

"डावं!"

"तुमी कुठं उभे होते?"

"ट्रकच्या समोर. तोंडाशी."

"साहेब," खुर्शीदबी अगदी हळुवारपणे म्हणाली, "गाडीचा डावा हात डायवर बसते त्यावरून मोजतात. तुमच्यावरून नाही."

देवमनरावांनी स्वतःचा एक हात पाहिला, मग दुसरा.

"म्हणजे त्याचं उजवं गेलं."

"हौ. त्याले साधे पाह्यजेत. माहे उलटे नेऊन तो लोनचं घालीन काय? त्यानं चोरी केली असती तं साधे नेले असते अन् उलटे ठेवले असते. इथं तं उलटंच झालं. साध्याची गरज जवळ असून साधे इथं पडून हायेत."

देवमनरावांनी वहीतल्या दोन रेघा खोडरबराने पुसल्या. पेनाच्या होत्या, म्हणून नीट पुसल्या गेल्या नाहीत.

"आता दुसरं," म्हातारी म्हणाली. तिने बोल्ट नाकाशी नेला. "भंगारातला माल गंजाचा वास देते. नवा माल ग्रीसचा वास देते. याले इमलीचा वास येते. कोन्त्या चोरानं इमली लावली?"

कुर्बानने बोल्ट घेऊन हुंगला आणि भगवंतरावांकडे दिला. भगवंतरावांनी हुंगला आणि काहीच समजलं नाही अशा चेहऱ्याने परत दिला. दोन दिवसांत दोघांनी एकमेकांच्या हातात दिलेली ती पहिली वस्तू होती.

"अन् तिसरं. माह्या पुड्याचा कागद कुठं गेला? फौजेचा मेनकागद हाये. वर जांभळ्या शाईचे आकडे. असा कागद आता कुठं भेटत नाही."

"खाला, इथे तीनशे झाडं मरायला टेकली आहेत," देवमनराव म्हणाले, "आणि तुम्ही कागद शोधता?"

"मी कागदच शोधते. बोल्ट तुमी शोधा."

आतून तानुबाईची हाक आली. जेवण वाढलं होतं. पानात भाकरी, झुणका आणि नवं कैरीचं लोणचं. बरणी समोरच होती, तिच्या तोंडाला सुतळीने आवळून बांधलेला तपकिरी कागद. देवमनरावांनी लोणच्याची दुसरी फोड मागून घेतली, तिसरीही घेतली, आणि बरणीवरचे जांभळे आकडे उलटे दिसत होते ते वाचायचा आळसावलेला प्रयत्न करत हात धुवायला उठले.

५

दुपारी बागेत कुणी बोलत नाही. पाखरंही नाहीत. संत्र्याची पानं होडीसारखी आत वळली होती, आणि गोटीएवढी फळं झाडाला धरून होती; एखादं मधूनच टप्पकन पडायचं. देवमनराव एका झाडाखाली पडले. वही छातीवर, चष्मा वहीवर, आणि तपासाचा अधिकृत भाग म्हणून डोळे मिटलेले.

त्यांना आपलं लहानपणीचं गाव, तेल्हारा, दिसलं. पण ते तेल्हारा नव्हतं. घराच्या जागी कापसाचे ढीग होते आणि ढिगांमधून ट्रक आवाज न करता तरंगत चालला होता. ट्रकच्या चाकांना वालाच्या वेलाने बांधलं होतं. डाव्या चाकांचा वेल डावीकडे, उजव्यांचा उजवीकडे. परसात लिंबाच्या झाडाशी आई बसली होती. तिने आळं उकरलं होतं आणि मांडीवर बैलांच्या पायाचे जुने नाल घेतले होते. एकेक नाल ती चिंच आणि राख लावून घासत होती, पदराने पुसत होती, आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तसं मुळाशी ठेवत होती. झाडाची पानं पिवळी पडली की त्याला लोखंड द्यायचं, ही तिची रीत. आजूबाजूच्या बायाही देत, पण गंजलेलं देत.

"आई, मातीतच तं टाकायचं," लहानगा देवमन म्हणाला. "घासतं काहून?"

"तुले कोनी मळक्या ताटात वाढलं तं जेवशील?" आई म्हणाली. तिच्या शेजारी चार वर्षांची तानू बसली होती आणि नाल धुऊन धुऊन दोन सुपांत वाळत घालत होती. दोन्ही सुपं उन्हात सारखीच चमकत होती. इतकी सारखी, की कुठलं कुठलं ते...

देवमनराव उठून बसले. चष्मा मातीत पडला. मातीत!

ते जिथे झोपले होते तिथली माती भुसभुशीत होती. आजूबाजूच्या झाडांची आळी उन्हाने विटेसारखी टणक झालेली, आणि या झाडाचं आळं मात्र नुकतं उकरलेलं. पलीकडच्या झाडाचंही. त्यापलीकडच्याही. पाणीच नसताना आळं कुणी कशाला उकरील?

ते बोटाने मोजत निघाले. पानं जरा जास्त पिवळी पडलेली झाडं होती ती. सात, आठ, नऊ.

दहा.

६

"सगळ्यांना इथे बोलवा!" देवमनराव ओरडले. "जानरावांनाही. सगळे जमल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही."

सगळे आले. देवमनराव पहिल्या झाडाखाली मांडी घालून बसले, वही उघडली आणि घसा साफ केला.

"या प्रकरणात आपण पहिल्यापासून एक गोष्ट धरून चाललो. बोल्ट रात्री बदलले. का? तर चोर रात्री येतो म्हणून. पण चोर नव्हताच. जे घडलं ते शुक्रवारी भर दुपारी, लख्ख उन्हात, भगवंतराव आणि मिस्त्री जॅक आणायला गेले असताना घडलं. कुलूप तुटलं नाही, कारण ज्या हाताने ते उघडलं त्या हाताला किल्ली रोज भाकरी करतानाही दिसते. मी या घरात सगळ्यांना प्रश्न विचारले. फक्त एका माणसाला विचारला नाही, कारण तो माणूस मला चहा देत होता."

सगळ्यांनी तानुबाईकडे पाहिलं. तानुबाईने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मी?" ती म्हणाली. "म्या काय केलं? म्या काहीच नाही केलं!"

"काहीच नाही. पण पेटी उघडली होतीस?"

"ते कागदासाठी. लोनच्याची बरनी उघडी होती. एवढा चांगला कागद बोल्टाले काय करायचा?"

"माशाल्ला," खुर्शीदबी म्हणाली. "भेटला."

"मग बोल्टांचं काय केलंस?"

"धुतले ना, बाप्पा! सारं ग्रीस, हात बरबटले. चिंच लावली, राख लावली, सुपात वाळवले, परत ठेवून देल्ले जसेच्या तसे. घरात आलेली वस्तू धुवाव नाही काय?"

"आणि पहिले? गंजलेले दहा?"

"ते महिनाभर तसेच पडून होते. तेही त्याच दिवशी धुतले. चूल पेटलीच होती, चिंच भिजलीच होती. एक सूप हे, एक सूप ते. मंग ते झाडाले..." तानुबाई थांबली. तिची नजर झाडाच्या बुंध्याशी गेली, तिथून हळूहळू ट्रककडे गेली, आणि परत आली. तिने पदराचं टोक तोंडाला लावलं.

"दोन सुपं," देवमनराव म्हणाले. "दोन्हीत दहा, दोन्ही चकाचक, आणि एकाही बोल्टच्या तोंडावर लिहिलेलं नाही की मी डाव्या चाकाचा. गंज होता तोवर फरक होता. गंज गेला आणि ओळखही गेली. ट्रकचे बोल्ट झाडांना गेले आणि झाडांचे बोल्ट ट्रकला."

कुर्बान ऐकायला थांबलाच नाही. 'झाडांना' हा शब्द कानावर पडताच त्याने खुरपं उचललं आणि पहिल्याच आळ्यात एक वीत खाली हात घातला. वर आला तो मातीने माखलेला बोल्ट. त्याने खिशातला नट त्यावर ठेवला आणि उलटा फिरवला. नट गुपचूप, झोपेत कूस बदलावी तसा चढत गेला.

भगवंतराव तो नट पाहत राहिले. मग त्यांनी खुरपं कुर्बानच्या हातातून घेतलं आणि दुसऱ्या झाडाशी जाऊन स्वतः खाली बसले.

"मिस्त्री," ते मातीकडे बघून म्हणाले, "बुधवारच्या बाजारात मी सांगनार हाय."

"काय सांगनार?"

"का बायकोनं धुतलेल्या बोल्टाचा दोष मी मिस्त्रीवर ठेवला."

"असं नका सांगू, भाऊ. भाबीची बदनामी होईन. सांगा का मिस्त्री चांगला हाये, तेवढं पुरते."

"अन् ते साधे दहा?" जानरावने बूट पुढे टाकत विचारलं. "पडून राहतीन का ते आता? का मले देता?"

"धुतलेले हायेत," भगवंतराव म्हणाले. "घेऊन जा."

देवमनरावांनी हात वर केला. "मंडळी, बसा. माझं अजून व्हायचं आहे. चिंचेच्या वासाचा मुद्दा आहे, बुटांचा आहे, गाडीचा डावा हात कुठला हा तर अत्यंत महत्त्वाचा मुद्दा आहे..."

पण मंडळी पांगली होती. दहा आळी उकरली गेली, दहा बोल्ट निघाले. खुर्शीदबीने एकेकावर नख फिरवून "हौ, माहाच," अशी ओळख दिली. कुर्बानने ते ठोकून बसवले. जॅक उचलला गेला. चाक चढलं. नट आवळताना भगवंतराव पान्याला हात लावायला गेले तेव्हा कुर्बान, खुर्शीदबी आणि जानराव, तिघेही एकाच वेळी "अं हं!" म्हणाले. कडुनिंबाखालचा ट्रक एकदा खोकला, मांजर उडी मारून पसार झालं, आणि हिरवी पाठ हलवत तो नाल्याकडे उतरला.

देवमनराव त्या पहिल्या झाडाखाली बसून बोलतच होते. आता समोर फक्त खुर्शीदबी होती. तिने बरणीवरचा कागद सोडवून मागून घेतला होता आणि लोणच्याचा डाग लागलेला कोपरा दुमडून तो मांडीवर सरळ करत होती. देवमनरावांनी चिंच सांगितली, बूट सांगितले, दोन सुपं पुन्हा सांगितली, तेल्हाऱ्याच्या आईपर्यंत आले. उन्हाचा रंग पिवळा झाला, मग नारिंगी. सावल्या लांबल्या आणि झाडं त्यांच्यावर रेलून उभी राहिल्यासारखी दिसू लागली. आपण सांगतो आहोत की स्वप्नात ऐकतो आहोत, हे त्यांना नीट कळेना.

"तर, खाला," त्यांनी वही मिटली आणि डोळेही अर्धे मिटले, "शेवटी एवढंच, की लोखंड खोटं बोलत नाही. ज्याला त्याचं म्हणणं ऐकू येतं, त्याच्यापासून या त्रैलोक्यात..."

मागे घरघर झाली. पाण्याच्या वजनाने वाकलेला ट्रक नाल्याचा चढ चढून आला होता. बागेच्या तोंडाशी तानुबाई नळी खांद्यावर घेऊन उभी होती. धरणावर टाकी भरताना तिचे पाय चिखलाने भरले होते आणि ते अजून तिने धुतले नव्हते.

"दादा," ती म्हणाली, "जरा उठतं काय? आळ्यात बसला तू. पानी सोडायचं हाय."